काउबॉइजचे रिसीव्हर आणि किकर: 2025 च्या फँटसी ड्राफ्टमध्ये कोणासाठी किती मोजायचं

फँटसी म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा (हा ड्राफ्ट) आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे. डॅलस काउबॉइजचा कुठलाही रिसीव्हर (पास झेलणारा) घेतलात, तरी खरा भरवसा तुम्ही क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणाऱ्या डॅक प्रेस्कॉटच्या तब्येतीवर टाकत असता. रिसीव्हर सीडी लॅम्बचे 2023 आणि 2024 या हंगामांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. 2023 मध्ये प्रेस्कॉट पूर्ण हंगाम खेळला, लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे 36 टचडाउन पास त्याने टाकले आणि लॅम्बने 135 कॅच, 1749 यार्ड, 12 टचडाउन केले. फुल पीपीआरमध्ये (दर कॅचला एक पॉइंट) केवळ कॅचिंगचे 381.9 पॉइंट, सामन्याला साडेबावीसच्या आसपास. 2024 मध्ये प्रेस्कॉटचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला, त्याचा हंगाम आठ सामन्यांत आटोपला. लॅम्बचे 15 सामन्यांत 101 कॅच, 1194 यार्ड, 6 टचडाउन, सामन्याला 17.1 पॉइंट. खांदा दुखावलेला असताना आणि बॉल टाकणारा बदललेला असतानाही त्याच्याकडे 152 पास आले, हे जास्त महत्त्वाचं. प्रमाण टिकलं, दर्जा घसरला. म्हणून 12 जणांच्या लीगमध्ये तिसऱ्या ते सहाव्या नंबरावर त्याला घ्यायला मागेपुढे पाहू नका. हाफ पीपीआर (कॅचला अर्धा पॉइंट) असेल तर दोन-तीन जागा खाली सरका, कारण त्याची कमाई कॅचच्या संख्येवर उभी आहे.

लॅम्बची आणखी एक जमेची बाजू म्हणजे तो स्लॉटमध्ये, म्हणजे कडेऐवजी आतल्या बाजूला, भरपूर खेळतो. तिथे कडेच्या रेषेचा अडसर नसतो, पास छोटे असतात आणि प्रेशर आलं की बॉल आधी तिकडेच जातो. वाईट सामन्यातही सहा-सात कॅच होतात ते यामुळे.

रिसीव्हर जॉर्ज पिकन्स मे 2025 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडून आला आणि सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरू लागली. खेळाडू उत्तम आहे, पण त्याच्या पॉइंटचा स्वभाव समजून घ्या. 2023 मध्ये 63 कॅचवर 1140 यार्ड, म्हणजे कॅचमागे 18.1, लीगमध्ये सर्वाधिक. 2024 मध्ये 14 सामन्यांत 59 कॅच, 900 यार्ड, 3 टचडाउन. दोन्ही वर्षी पीपीआरची सरासरी 12 च्या आसपास. पण ही सरासरी सपाट नाही. लांब पास हाती लागला तर आठवडा जिंकून देतो, नाही लागला तर चार-पाच पॉइंटवर बसवतो. पिट्सबर्गमध्ये त्याला प्रेस्कॉटच्या तोडीचा क्वार्टरबॅक कधीच मिळाला नव्हता, त्यामुळे सुधारणेला जागा नक्की आहे. शिवाय त्याच्या धावेकडे सेफ्टी (मागचा बचावपटू) ओढला गेला की मधली मोकळी जागा लॅम्बला मिळते. पाचव्या फेरीत मिळाला तर घ्या. चौथ्या फेरीच्या सुरुवातीला घेणं महाग पडेल. तिथे ठरावीक आठ-दहा पास मिळणारा खेळाडू जास्त उपयोगी. बेस्ट बॉलमध्ये (जिथे दर आठवड्याला तुमच्या सर्वोत्तम खेळाडूंचेच पॉइंट आपोआप धरले जातात) मात्र चौथी फेरीही योग्यच, कारण तिथे त्याचे पडलेले आठवडे आपोआप गळून जातात.

टाइट एंड (अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा) जेक फर्ग्युसनकडे लोक 2024 च्या शून्य टचडाउनमुळे पाठ फिरवतात, आणि तिथेच संधी आहे. 59 कॅच घेऊन एकही टचडाउन नाही, हे पुन्हा घडणं अवघड. 2023 मध्ये 71 कॅच आणि 5 टचडाउनसह त्याची सरासरी 10.4 होती. अकराव्या फेरीनंतर हा सौदा चांगला. रिसीव्हर जेलन टोल्बर्टचं उलट आहे: 49 कॅचवर 7 टचडाउन हे प्रमाण टिकणारं नाही, त्यात पिकन्सने त्याची जागा घेतली. वेव्हरवर (कोणी न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) राहू द्या. कावॉन्टे टर्पिन घ्यायचा तो फक्त तुमच्या लीगमध्ये रिटर्न यार्डांना (समोरच्याची किक झेलून पळालेल्या अंतराला) पॉइंट असतील तरच.

बचावातला मुख्य खेळाडू मायका पार्सन्स पॅकर्सकडे गेल्याने डिफेन्स कमजोर झाला आहे. समोरचा संघ पुढे गेला की पास वाढतात, हे रिसीव्हरसाठी बरं. किकरसाठी मात्र दुधारी: तीन-चार गुणांचा फरक असेल तर ठीक, पण चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाउनची पिछाडी असेल तर फील्ड गोलचा (तीन गुणांच्या किकचा) प्रश्नच उरत नाही.

तरीही किकर ब्रँडन ऑब्री हाच या संघातला सर्वात भरवशाचा सौदा आहे. आधीचा सॉकरपटू, कारकिर्दीतले पहिले 35 फील्ड गोल सलग यशस्वी. 50 यार्ड किंवा त्यापुढून 2023 मध्ये 10 पैकी 10, 2024 मध्ये 17 पैकी 14, त्यात रेव्हन्सविरुद्ध 65 यार्डांची किक. हिशोब सोपा आहे: बॉल समोरच्या गोल रेषेपासून जितक्या यार्डांवर असतो त्यात 17-18 यार्ड मिळवले की किकचं अंतर मिळतं. इतर किकरसाठी बॉल 35 च्या आत यावा लागतो. ऑब्रीसाठी 42 वर अडलेला डावही पॉइंट देऊन जातो. लांब किकला 5 पॉइंट देणाऱ्या लीगमध्ये 2024 च्या त्या 14 किकचेच 70 पॉइंट होतात, सरसकट 3 देणाऱ्या लीगमध्ये 42. म्हणून आधी स्कोअरिंग वाचा. पहिल्या प्रकारात 16 फेऱ्यांपैकी तेराव्यात घ्या, दुसऱ्यात शेवटच्या दोनांत. हुकलेल्या किकचा एक पॉइंट कापला जात असेल तरी फार फरक पडत नाही. 2024 मध्ये 47 पैकी 40 यशस्वी होत्या. प्रेस्कॉट जायबंदी झाला तरी हा पॉइंट देत राहतो, कारण टचडाउनऐवजी मिडफील्डपाशी अडकणारे डाव त्याच्या वाट्याला येतात.

वेळापत्रकातल्या काही गोष्टी सांभाळा. 2025 मध्ये पहिल्या, तेराव्या, चौदाव्या आणि सतराव्या आठवड्यातला सामना गुरुवारी आहे. त्या दिवशी लॅम्ब किंवा पिकन्सला फ्लेक्समध्ये (रिसीव्हर, रनिंग बॅक किंवा टाइट एंड कोणीही चालणाऱ्या जागेत) ठेवू नका, रिसीव्हरच्याच जागी ठेवा. नाहीतर रविवारी कोणी ऐनवेळी बाहेर बसला तर बदली करायला फ्लेक्स मोकळा राहत नाही. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याआधी 90 मिनिटांवर येते, ती बघूनच नावं पक्की करा. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात व्हायकिंग्ज आणि चार्जर्स घरच्या छताखाली आहेत. पण बहुतेक लीगची फायनल सतराव्या आठवड्यात, 25 डिसेंबरला वॉशिंग्टनच्या उघड्या मैदानावर. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर त्या एका सामन्यापुरता दुसरा किकर हाताशी ठेवा. (घरच्या मैदानावर दुपारी पश्चिमेच्या काचांतून येणारं ऊनही विसरू नका, नोव्हेंबर 2024 मध्ये ईगल्सविरुद्ध एंड झोनमध्ये लॅम्बला बॉल दिसलाच नव्हता.)

बाय वीक (सामना नसलेला आठवडा) दहावा. लॅम्ब, पिकन्स, फर्ग्युसन, ऑब्री चौघेही घेतले तर त्या आठवड्यात चार जागा रिकाम्या पडतात. त्यामुळे यांतले जास्तीत जास्त दोघे घ्या, त्यांत एक ऑब्री. आणि त्या आठवड्यासाठी दुसरा किकर हवा असेल तर बेंचवरचा एखादा पाचवा रिसीव्हर सोडा. ऑब्रीला वेव्हरवर सोडलंत तर परत मिळायचा नाही.