बेटी आणि बिग ड्यून, नेवाडा: पेट्रोल भरून पुढे पळू नका, तिथे राहा

लास वेगसला कुणी नातेवाईक आले की आपल्या लोकांचा कार्यक्रम ठरलेला असतो, स्ट्रिप, हूव्हर डॅम, ग्रँड कॅन्यन आणि एखादा दिवस उरलाच तर डेथ व्हॅली हे वाळवंटातलं नॅशनल पार्क उरकायचं. त्या वाटेवर हायवे ९५ ला वेगसपासून दोन तासांच्या आत बेटी नावाचं गाव लागतं, वस्ती हजाराच्या आतबाहेर, तिथे सगळे पेट्रोल भरतात, टॉयलेटला जातात, कॉफी घेतात आणि निघतात. माझं म्हणणं आहे की बेटीला मुक्काम करा, एक रात्र गावात मोटेलमध्ये आणि जमलं तर एक रात्र बिग ड्यून नावाच्या वाळूच्या टेकडीशी तंबूत, आणि डेथ व्हॅली तिथून करा. आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा आम्ही असंच केलं आणि त्यांना वेगसपेक्षा हे जास्त आवडलं, हे मी उगाच सांगत नाहीये.

आधी विचित्र गोष्टींबद्दल, कारण त्यासाठीच तर थांबायचं. गावातून डेथ व्हॅलीकडे निघालं की चारेक मैलांवर उजवीकडे र्‍हायोलाइटचा फाटा आहे. १९०४ मध्ये इथे सोनं सापडलं आणि बघता बघता शहर उभं राहिलं, वीज आली, टेलिफोन आले, दवाखाना, शाळा, रेल्वे, शेअर बाजारसुद्धा. मग १९०७ ची आर्थिक मंदी आली, १९११ ला मोठी खाण बंद झाली, १९१६ ला वीज तोडली, संपलं. आज कुक बँकेच्या तीन मजली इमारतीच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि खिडक्यांच्या चौकटीतून आकाश दिसतं. शाळेची इमारत माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली. ती बांधून झाली १९०९ ला, म्हणजे लोक गाव सोडायला लागले होते तेव्हा, त्यामुळे ती कधी भरलीच नाही. रेल्वे स्टेशन मात्र अजून देखणं आहे, फक्त रूळ नाहीत.

आणि बाटल्यांचं घर! टॉम केली नावाच्या माणसाने १९०६ मध्ये बांधलं, जवळजवळ ५०,००० बाटल्या, बहुतेक बिअरच्या. कारण साधं आहे, वाळवंटात लाकूड नाही आणि गावात दारूची दुकानं भरपूर, म्हणून जे मिळालं त्यात त्याने घर उभं केलं. बाटल्या आडव्या रचून मधे मातीचा लिंपा. बाबा आयुष्यभर सिव्हिलमध्ये होते, ते कुंपणाशी उभे राहून कितीतरी वेळ ते जोड बघत बसले, आणि पाऊस नसेल तर मातीचं काम इतकी वर्षं टिकणारच, हे आम्हाला समजावून सांगत होते. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. दुपारनंतर ऊन तिरपं झालं की काचा चमकतात, त्या वेळेला जा.

र्‍हायोलाइटच्या अलीकडेच गोल्डवेल ओपन एअर म्युझियम आहे आणि ते माझ्या मते या अख्ख्या रस्त्यावरचं सगळ्यात भारी ठिकाण आहे. तिकीट नाही, गेट नाही, चोवीस तास उघडं. आल्बेर्ट शुकाल्स्की या बेल्जियन शिल्पकाराने १९८४ मध्ये इथे येशूच्या शेवटच्या जेवणाचा देखावा केला, पण माणसंच नाहीत, नुसती पांढरी वस्त्रं उभी आहेत, आत पोकळ. त्याने खऱ्या माणसांना उभं केलं, प्लास्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट त्यांच्या अंगावर पांघरलं, ते घट्ट झालं की माणूस अलगद बाहेर. दोनेक वर्षं टिकेल या हिशोबाने केलेलं काम नंतर मजबूत केलं आणि आज चाळीस वर्षांनंतरही उभं आहे. मागे पूर्ण मोकळी दरी, समोर ही रिकामी वस्त्रं, वारा सुटला की अंगावर काटा येतो. आई म्हणाली देव्हाऱ्यात देव नसला तरी आपण हात जोडतोच ना, आणि तिने खरंच हात जोडले.

बाकीची शिल्पंही तिथेच आसपास आहेत. सिमेंटच्या गुलाबी ठोकळ्यांची एक उंच बाई आहे, १९९२ ची, लांबून बघितलं तर संगणकाच्या पडद्यावरचं चौकोनी चौकोनी चित्र वाटतं आणि जवळ गेलं की नुसते ठोकळे. सोनं शोधणाऱ्या शॉर्टी हॅरिसचा लोखंडी पुतळा आहे आणि त्याच्या मागे चक्क पेंग्विन, कारण म्हणे हा पुतळा करणाऱ्या, बेल्जियमहून आलेल्या दुसऱ्या कलाकाराला या वाळवंटात आपण तसेच परके वाटत होतो. मोझेकचा मोठा रंगीत सोफा आहे, त्यावर पोरं बसतात, बसायलाच केलाय. देणगीपेटी असते, त्यात काहीतरी टाका प्लीज, फुकट आहे म्हणून फुकट बघून जाऊ नका, या जागा अशाच चालतात.

गावात स्वतःहून फिरणारी गाढवं दिसतील, खाणकामगारांनी आणलेल्या गाढवांची ही पिढी, आता रानटीच. रस्त्यात मधोमध उभी असतात, रात्री गाडी हळू चालवा आणि खायला अजिबात घालू नका, कितीही गोड दिसली तरी. डेथ व्हॅली नट अँड कँडीचं दुकान मोठं आहे, पिस्ते बदाम वगैरे घ्यायला चांगलं. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने फार आशा ठेवू नये, फ्राइज आणि सॅलडवर वेळ निघते. आम्ही गॅसची शेगडी बरोबर नेतो, त्यामुळे प्रश्न नव्हता.

आता बिग ड्यून. बेटीहून वेगसच्या दिशेने वीसेक मैल परत यायचं, व्हॅली व्ह्यू रोडला वळायचं, शेवटचा टप्पा कच्चा रस्ता. लांबूनच दिसते, सपाट माळावर एकटी उभी असलेली वाळूची टेकडी, साधारण ५०० फूट. इथे वारा एकाच दिशेने येत नाही, सगळीकडून आलटून पालटून येतो, म्हणून वाळू पुढे सरकत जाण्याऐवजी तिथेच साठत राहते आणि ताऱ्यासारख्या अनेक धारा तयार होतात. चढायला दिसते त्यापेक्षा कठीण, दोन पावलं वर आणि एक खाली, पण सकाळी लवकर वाळू गार असताना धारेवरून चढलात तर जमतं. वरून अख्खी अमारगोसा व्हॅली दिसते.

डेथ व्हॅलीतल्या मेस्किट फ्लॅटच्या प्रसिद्ध वाळूत तंबू ठोकता येत नाही, कॅम्पग्राउंडलाच राहावं लागतं. बिग ड्यून मात्र नॅशनल पार्कमध्ये नाही, बीएलएमची म्हणजे केंद्र सरकारची मोकळी जमीन आहे, त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी राहता येतं. बुकिंगची भानगड नाही. पण त्याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या, तिथे काहीच नाहीये. पाणी नाही, सावली नाही, दुकान नाही. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन तरी धरा आणि वर थोडं जास्त. टॉयलेटसाठी कॅम्पिंगच्या दुकानात मिळतात त्या पिशव्या न्या आणि वापरून परत घेऊन या. हो, परत घेऊन या, कारण आधीच्या लोकांनी टाकलेले कागद झुडपांना अडकलेले बघून खरंच राग येतो, काही जणांनी जाळलेल्या लाकडाचे खिळेही तसेच टाकलेले असतात, अनवाणी पोरं पळतात तिथे.

साधी गाडी असेल तर कडक जमिनीवरच थांबवा, मऊ वाळूत एक फूटसुद्धा घालू नका, टोइंगवाला तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस जाईल. तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत, पिशव्यांमध्ये वाळू भरून त्या दोरीला बांधून पुरायच्या, मग हलत नाही. संध्याकाळी वारा सुटतोच, विशेषतः मार्च-एप्रिलला, म्हणून स्वयंपाक गाडीच्या आडोशाला आणि झाकण ठेवून करा. आम्ही पिठलं-भात केला, ठेचा घरून नेला होता, थंडीत त्या गरम पिठल्यासारखं दुसरं काही नाही. थंडी म्हणजे खरी थंडी हं, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, आई-बाबांना गाडीतच झोपवलं, तेच बरं. आणि मे ते सप्टेंबर अजिबात जाऊ नका, उन्हाळ्यात हा भाग जीवघेणा तापतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना आवडणार नाही, ती म्हणजे ड्यून बगी, म्हणजे वाळूत पळवायच्या उघड्या गाड्या, आणि चारचाकी मोटारसायकली. ही टेकडी त्या लोकांची आवडती आहे आणि लाँग वीकेंडला दिवसभर इंजिनांचा आवाज, रात्री जनरेटर. शांतता हवी असेल तर मधल्या वारी जा. चालत चढताना पलीकडून गाडी येऊ शकते हे डोक्यात ठेवा, पोरांना भडक रंगाचे कपडे घाला आणि धारेच्या पलीकडे न बघता उड्या मारू देऊ नका. काही भाग गाड्यांना बंद आहे कारण तिथे फक्त याच भागातल्या वाळूत राहणारे दुर्मिळ भुंगेरे आहेत, जगात दुसरीकडे नाहीत, तर त्या पाट्या पाळा.

रात्रीच्या आकाशाबद्दल एवढंच सांगतो की कालनिर्णय काढून अमावस्येच्या जवळची तारीख निवडा. आग्नेयेला वेगसचा उजेड क्षितिजावर थोडा दिसतो, बाकी आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी, चष्मा लावणाऱ्या बाबांनाही दिसली. पुण्यात लहानपणी दिसायची म्हणाले.

मला विचाराल तर गोल्डवेल आणि र्‍हायोलाइटला पाचपैकी पाच, बिग ड्यूनला चार, आणि तो एक तारा बगीच्या आवाजाने आणि कचऱ्याने खाल्ला. ज्यांनी याआधी कधी तंबू ठोकला नाही त्यांनी पहिला अनुभव इथे घेऊ नये, आधी एखाद्या नळ-टॉयलेटवाल्या कॅम्पग्राउंडला जाऊन या.

वेळ असेल तर उत्तरेला गोल्डफिल्डला जमिनीत नाकावर उभ्या पुरलेल्या रंगवलेल्या गाड्या आहेत आणि टोनोपाला जुन्या स्मशानाशेजारी विदूषकांचं मोटेल, पण ते बेटीहून पुढे तास-दीड तास. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर ३७३ नंबरच्या रस्त्याला वळून, कोपऱ्यावरचं हिरवं एलियन दुकान बघून, डेथ व्हॅली जंक्शनचं अमारगोसा ऑपेरा हाउस चुकवू नका. मार्टा बेकेट ही न्यूयॉर्कची नर्तिका १९६७ मध्ये गाडीचं टायर दुरुस्त होईपर्यंत इथे थांबली आणि तिला ते बंद पडलेलं सभागृह दिसलं. १९६८ पासून ती तिथे नाचायला लागली, कधी कधी बघायला कुणीच नसायचं, म्हणून तिने भिंतींवर राजा, राणी, जोगिणी असे प्रेक्षकच रंगवून काढले. वयाची ऐंशी उलटल्यावरही ती स्टेजवर यायची, २०१७ ला गेली. चित्रं अजून आहेत. आत बघायचं असेल तर शेजारच्या हॉटेलच्या काउंटरवर विचारा, टूर असते, पण वेळा बदलतात म्हणून निघायच्या आधी फोन करून घ्या.