बागेतील तळ्यासाठी मासे : पुण्यातील एका दुकानाविषयी

पुण्याच्या पश्चिम उपनगरात एका रोपवाटिकेला लागून असलेल्या शोभिवंत माशांच्या या दुकानात ग्राहकाला लगेच मासे दाखवत नाहीत. तळे किती खोल आहे, त्यात किती लिटर पाणी मावते, दुपारचे ऊन किती वेळ पडते आणि पंप व फिल्टर बसवला आहे का, याची आधी चौकशी करतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो, म्हणून रंगाआधी हेच पाहायला हवे, आणि एवढ्यासाठीच हे दुकान मला मनापासून आवडले.

आमचे तळे दोन फूट खोल असून त्यात सुमारे हजार लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात कोई जातीचे रंगीत मासे सोडू नका, असे दुकानदारांनी स्पष्ट सांगितले. महागडा मासा विकण्याची संधी सोडून दिलेला हा सल्ला अगदी योग्य होता. विक्रीच्या वेळी बोटभर दिसणारा कोई मुळात कार्प असल्याने दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला चारेक फूट खोली आणि काही हजार लिटर पाणी लागते, शिवाय खाद्य शोधताना तळ उकरण्याच्या सवयीमुळे तो कमळाच्या कुंड्यांतील माती बाहेर काढतो. (लहान कोई आणि गोल्डफिश ओळखता येत नसतील तर तोंडाजवळ पाहावे : कोईला मिशा असतात, गोल्डफिशला नसतात.)

गोल्डफिशमध्येही त्यांनी कॉमेट आणि शुबुंकिन हे लांबट अंगाचे, चपळ प्रकार सुचवले. ओरांडा, ब्लॅक मूर किंवा बबल आय दिसायला देखणे असले तरी आखूड, गोल शरीरामुळे त्यांना वेगाने पोहता येत नाही, आणि उघड्या तळ्यावर खंड्या किंवा बगळा आला तर ते सहज सापडतात. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी घेतले. गोल्डफिश या गप्पींची पिल्ले खातात, तेव्हा पिल्लांना लपायला दाट पाणवनस्पती हव्यातच.

एक गोष्ट मात्र मला गंभीर वाटते. शेवाळ खाणारा म्हणून येथे सकर मासा सर्रास दिला जातो. मुसळधार पावसात तळे भरून वाहिले तर हा परदेशी मासा नाल्यातून मुळा-मुठेत, पुढे भीमेत जाऊ शकतो. उजनी जलाशयात वाढलेल्या सकरमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात, हे आपल्याकडे माहीत असलेले दुखणे आहे. त्याऐवजी रोझी बार्बसारखे भारतीय मासे दुकानाने अधिक ठेवावेत.

मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीतून नीट बांधून देतात. पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालून मग मासे सोडावेत, आणि पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये, हेही ते आवर्जून सांगतात. रविवारी गर्दी असते, त्यामुळे सविस्तर बोलायचे असेल तर मधल्या वारी सकाळी जावे आणि तळ्याची मापे लिहून न्यावीत.