दोन पिल्लं आणि नातेवाइकांच्या भेटी: न्यायचं, ठेवायचं की पाहुण्यांनाच बोलवायचं?

दोन-अडीच महिन्यांची कुत्र्याची दोन पिल्लं घरात आहेत आणि आईकडे, भावाकडे किंवा मामांकडे जायचं ठरतंय. अशा वेळी चर्चा बहुधा दोनच पर्यायांची होते: दोघांना घेऊन जायचं, नाहीतर दोघांना ठेवून जायचं. खरं तर पर्याय चार आहेत. नातेवाइकांनाच आपल्याकडे बोलावता येतं. किंवा एका पिल्लाला सोबत नेऊन दुसऱ्याला घरी ओळखीच्या माणसाजवळ ठेवता येतं, पुढच्या खेपेला उलट. हा शेवटचा पर्याय ऐकायला कठोर वाटतो. ‘जोडी कशाला फोडायची?’ असं कुणीतरी लगेच म्हणतं आणि तो बाजूला पडतो. मला मात्र चारांत तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. बाकीचे तीन कधी आणि किती जमतील, हेही पुष्कळसं त्याच्यावरच ठरतं.

आधी रोजचा दिवस

भेटीच्या दिवशी पिल्लं कशी वागतील हे एरवीच्या दिवसांवर अवलंबून असतं. या वयाची पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात. दोन असली की ही झोप मोडते, कारण एक जागं झालं की दुसऱ्याला उठवतं. झोप अपुरी पडलेलं पिल्लू जास्त चावतं, जास्त अंगावर येतं आणि हाकेला दाद देत नाही. म्हणून दोघांना झोपायला वेगळे क्रेट, म्हणजे दार असलेले पिंजरे, हवेत, निदान जाळी लावून वेगळे केलेले कोपरे तरी. सुरुवातीला ते अगदी शेजारी असावेत, एकमेकांचा वास येत राहील इतके. मग अंतर वाढवत न्यायचं.

शू रोखून धरण्याचा ढोबळ हिशोब असा सांगतात: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, फार तर तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. खेळून झाल्यावर, खाऊन झाल्यावर आणि झोपेतून उठल्याबरोबर तर लगेच न्यावं लागतं. दोघांच्या वेळा जुळत नाहीत. एकाला बाहेर नेलं तेवढ्यात दुसऱ्यानं घरात केलं, आणि नंतर कुणी केलं ते कळेना, असं झालं की शिकवणंही भरकटतं. दोघांची नोंद वेगळी ठेवा. भिंतीवरच्या कागदावर दोन रकाने पुरतात.

वेगळं ठेवण्यावर इतका भर का, तेही सांगायला हवं. एकत्र वाढलेली दोन पिल्लं कधी कधी एकमेकांत इतकी गुंततात की माणसाकडे लक्षच देत नाहीत आणि वेगळी केली की सैरभैर होतात. प्रशिक्षक याला ‘लिटरमेट सिंड्रोम’ म्हणतात. पशुवैद्यकात हे मान्य निदान नाही आणि प्रत्येक जोडीत असं होतंच असंही नाही. पण ज्यांचं खाणं, झोपणं, फिरणं सगळं एकत्रच झालं, त्यांना एकटं राहण्याचा सराव मिळालेलाच नसतो. तेव्हा रोज थोडा वेळ एकच पिल्लू आणि एकच माणूस: चार-पाच मिनिटांचं शिकवणं, छोटी फेरी, मग शांत बसून काहीतरी चघळणं. तेवढ्या वेळात दुसरं पिल्लू दुसऱ्या खोलीत, त्याच्याही तोंडी चघळायला काही. हा सराव नसताना भेटीचा कुठलाही पर्याय निवडला तरी जड जातो.

दोघांना घेऊन जाणं

याच्या बाजूनं एक भक्कम कारण आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सगळ्यात सहज स्वीकारतं: माणसं, आवाज, जिने, गाडी, चाकाची खुर्ची, काठी टेकत चालणारे आजोबा. फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा आठवडे माणसांपासून दूर वाढलेली पिल्लं नंतरही माणसांना बुजत राहिली. हे दिवस परत येत नाहीत, आणि नातेवाइकांचं घर म्हणजे एका छपराखाली मिळणारी नाना तऱ्हेची माणसं.

अडचण अशी की याच आठवड्यांत लसीकरण अपुरं असतं. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाचं रक्षण करतात, पण तीच लसीचा परिणामही अडवतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणूनच लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवडे किंवा त्याहून थोडं पुढपर्यंत देत राहतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. याचा अर्थ घराबाहेर पडूच नये असा नाही. अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संस्थेची भूमिका अशी आहे की पहिली लस आणि जंताचं औषध मिळून किमान सात दिवस झाले असतील, तर सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही इतरांमध्ये मिसळण्याच्या वर्गाला जाऊ शकतं. त्यामुळे लसी पूर्ण झालेला कुत्रा असलेलं किंवा कुत्राच नसलेलं घर चालेल. पण गाडीपासून दारापर्यंत पिल्लू कडेवर, आणि अनेक कुत्री फिरतात त्या मोकळ्या जागेत पाय टेकवायचे नाहीत. तुमच्या भागात कुठला आजार पसरला आहे हे तुमच्या पशुवैद्यांना माहीत असतं, तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा.

प्रवासात खरी कसोटी माणसांच्या संख्येची आहे. दोन पिल्लांना दोन मोठी माणसं हवीतच, गाडी चालवणारा सोडून असेल तर उत्तम. लहान पिल्लांना गाडी लागणं नेहमीचं, आणि बहुतेकांचं ते वयाबरोबर कमी होतं. निघण्याआधी दोन-तीन तास पोट हलकं ठेवलं की बरं पडतं. क्रेट दोघांचे वेगळे. वाटेत ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत ठेवायचं नाही: बाहेर 24 अंश सेल्सिअस असताना दहा मिनिटांत आत 34 आणि अर्ध्या तासात 43 पर्यंत पारा जातो.

तिकडे पोचल्यावर दोघं दोन दिशांना पळतात. त्या घराची तयारी पिल्लांसाठी झालेली नसते. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती खाटेशेजारच्या गोळ्यांची. वेदनाशामक आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल लहान पिल्लाला थोडंसंही घातक ठरू शकतं. शिवाय चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम. दोन पिल्लांपैकी कुणी काय आणि किती गिळलं हे सांगता येत नाही, त्यामुळे दोघांनाही डॉक्टरकडे न्यावं लागतं. म्हणून पोचताच आधी एक खोली तपासून घ्यायची, तिथे आपली अंथरुणं आणि प्लेपेन (घडीचं कुंपण) मांडायचा, आणि पिल्लांचं घर म्हणजे तेवढीच जागा.

दोघांना ठेवून जाणं

दोन-तीन तासांची भेट असेल आणि आधी सराव झालेला असेल, तर हा साधा, शांत पर्याय आहे. त्याहून लांबली तर मधे कुणीतरी येऊन बाहेर नेणारं हवं. ‘दोघं आहेत ना एकमेकांना’ या भरवशावर कुणी अख्खा दिवस काढू नये. सोबत असली तरी शूची वेळ टळत नाही. उलट दोघं मोकळी असतील तर एक धोका वाढतो: खेळताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या गळपट्ट्यात अडकतो आणि सुटायच्या धडपडीत पट्टा आवळत जातो. लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा दोघांचे गळपट्टे काढा आणि दोघांना वेगळं ठेवा.

मुक्कामासाठी बोर्डिंगचा, म्हणजे पैसे देऊन कुत्री सांभाळायला ठेवतात त्या जागेचा, विचार लसी पूर्ण होईपर्यंत नको. अनेक कुत्री एकत्र असतात तिथे केनेल कफ हा संसर्गजन्य खोकला सहज पसरतो, आणि चांगली बोर्डिंगं लसीकरण पूर्ण झाल्याचा कागद मागतातच. या वयात पिल्लांच्या ओळखीचा माणूस आपल्या घरी येऊन राहिला तर त्याला तोड नाही.

पाहुण्यांना बोलावणं

चार महिन्यांखालच्या पिल्लांसाठी मी बहुतेकदा हेच सुचवेन. नवी माणसं भेटतात, प्रवास टळतो, आणि थकलं की आपल्याच अंथरुणावर जाता येतं. पादत्राणं दाराबाहेर, कारण विषाणू तळव्यांना चिकटून येतो. पाहुण्यांच्या पिशव्या उंचावर, कारण गोळ्या आणि च्युइंगगम त्यांतच असतात.

अवघड भाग माणसांचा. सगळ्यांना दोन्ही पिल्लं एकदम उचलायची असतात. पिल्लू जांभई देतंय, ओठ चाटतंय, मान वळवतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर त्याला पुरे झालं आहे. त्याच्या मागे जायचं नाही. लहान मुलांना जमिनीवर बसवा आणि एका वेळी एकच पिल्लू आणा. दोघं मिळून एका मुलाभोवती उड्या मारू लागली की मूल ओरडतं, हात वर करतं, आणि पिल्लांना तो खेळ वाटतो. दुधाचे 28 दात सुयांसारखे असतात. ते पडून 42 पक्के दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, चावण्याची हौस चालूच राहते. आजी-आजोबांसाठी धोका वेगळा: पायात घुटमळणाऱ्या दोन पिल्लांना अडखळून पडणं. ते खुर्चीत बसल्यावरच पिल्लू आणायचं, तेही पट्ट्यावर.

मुलं येणार असतील तर जंताचं औषध वेळेवर झालेलं असू द्या. गोलकृमी पिल्लांना आईच्या पोटातच लागतात आणि त्यांची अंडी माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, पोटात जाऊ शकतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्याला दोनेक आठवडे लागतात, म्हणून रोजच्या रोज उचलणं हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे.

एकाला नेणं, एकाला ठेवणं

आता माझ्या आवडीच्या पर्यायाबद्दल. एकटं पिल्लू नव्या घरी गेलं की ते तुमच्याकडे बघतं. घाबरलं तर तुमच्या पायाशी येतं आणि तुम्हाला ते दिसतं. जोडीनं गेलेली पिल्लं घाबरली की एकमेकांना धरतात. धीट पिल्लू पुढे होतं, बुजरं त्याच्या मागे लपतं आणि शांत आहे असं वाटतं. जोडीतलं कुठलं पिल्लू खरंच धीट आहे हे वेगळं केल्यावरच कळतं, आणि कधी कधी अंदाज साफ उलटा निघतो. यजमानांनाही एक पिल्लू झेपतं. त्यांच्याकडे स्वतःचा वयस्क कुत्रा असेल तर हाच एक मार्ग मला योग्य वाटतो: घराबाहेर मोकळ्या जागी पिल्लाला आणि त्या कुत्र्याला पट्ट्यावर भेटवायचं, मग आत. दोन पिल्लांनी एकदम वेढलं तर बिचाऱ्या जुन्या कुत्र्याला माघारीची वाटच उरत नाही. बाहेरच्या त्या भेटीसाठी मात्र पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात.

घरी राहिलेल्या पिल्लासाठी ही शिक्षा होऊ नये, हे सांभाळणं आपल्या हातात. त्याच्याजवळ घरातलं माणूस राहायला हवं. एकट्याला कोंडून ठेवणं म्हणजे हा पर्याय नव्हे. पहिली वेळ तासाभराची पुरे. घरी राहिलेलं पिल्लू थोडं कुरकुरून खायला लागलं, झोपलं, तर पुढची वेळ लांबवा. सतत ओरडत राहिलं, लाळ गाळू लागलं, आवडीचंही खायला तयार नसेल, तर परत दुसऱ्या खोलीच्या सरावावर या. आणि परतल्यावर दोघांची भेट पट्ट्यावर, सावकाश. नव्या वासानं माखलेल्या भावंडाला हुंगायला दुसऱ्याला वेळ लागतो.

यातली खरी गैरसोय म्हणजे घरातलं एक माणूस दर वेळी भेटीला मुकतं. ज्यांच्या घरी मोठं माणूस एकच आहे त्यांना हे भरवशाच्या मित्राशिवाय किंवा शेजाऱ्यांशिवाय जमणार नाही. त्यांनी सरळ पाहुण्यांना बोलवावं.

वयानुसार

सोळा आठवड्यांपर्यंत: पाहुणे आपल्याकडे, अधूनमधून एकेका पिल्लाला कडेवर घेऊन सुरक्षित घरी छोटी भेट. चार ते सहा महिने: आलटून पालटून एकेकटं, अर्धा दिवस. ते दोघांनाही जमू लागलं की दोघांना एकत्र घेऊन दिवसभराची भेट, आणि मगच मुक्काम. सहा महिन्यांनंतर पौगंडावस्थेत बरीच पिल्लं पूर्वी न घाबरलेल्या गोष्टींना अचानक बुजू लागतात. तेव्हा न संकोचता एक पायरी मागे या. एक पिल्लू पुढे गेलं आणि एक मागे राहिलं तर मागच्याच्या वेगानं ठरवा. मुक्कामाचा बेत असेल तर फोनवर नुसतं ‘पिल्लं आणली तर चालतील ना?’ असं विचारू नका, कारण भिडेनं सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: बंद करता येईल अशी एक खोली मिळेल का, रात्री दोनदा दार उघडावं लागेल ते चालेल का, आणि गादीवर शू झाली तर काय करायचं?