ईसीएलजीएसचं कर्ज: वर्षभर वापरल्यावर, पहिला हप्ता गेल्यावर

ईसीएलजीएस, म्हणजे कोरोनाकाळात छोट्या धंद्यांना सरकारी हमीवर मिळालेलं तातडीचं कर्ज. परवा खात्यातून त्याचा मुद्दलासकट पहिला हप्ता गेला, १,३४० रुपये. एवढ्यावरूनच कळेल कर्ज किती मिळालं ते. बेचाळीस हजार.

२०२० मधल्या या योजनेचे नियम धंदेवाल्यांना तोंडपाठ होते: सरकारची शंभर टक्के हमी, नवं तारण नाही, चार वर्षं मुदत, पहिलं वर्ष नुसतं व्याज. माझं भांडण एकाच ओळीशी आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी कर्जखात्यावर जेवढी बाकी, तिच्या २० टक्के नवं कर्ज.

माझा लग्नपत्रिकांचा छापखाना. २७ फेब्रुवारीला लग्नसराईची वसुली आली, ती मी त्याच दिवशी सीसीत, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यात भरली. व्याज वाचावं म्हणून. साडेपाच लाखांची बाकी २ लाख १० हजारांवर उतरली. चार दिवस पैसे घरात ठेवले असते तर १ लाख १० हजार मिळाले असते! ज्याने जास्त उचल केली त्याला जास्त मदत, ज्याने कर्जच काढलं नव्हतं त्याला काहीच नाही. नुकसान किती झालं, हे कुणी विचारलंच नाही. लॉकडाउनमध्ये हुकलेल्या २६ एप्रिल २०२० च्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताच्या पत्रिकांचे अकरा गठ्ठे अजून माझ्या माळ्यावर आहेत. वधू-वरांची नावं छापलेला कागद दुसरीकडे कुठे वापरणार?

शाखेतही वाजलं. घराचे कागद मागत होते. नवं तारण मागता येत नाही, असं लेखी दिल्यावर पाचव्या दिवशी पैसे जमा झाले.

तेव्हा मी याला तुटपुंजं म्हणत होतो. आता म्हणवत नाही. वर्षभर महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास व्याज भरलं, तेही ९.२५ टक्क्यांनी, माझ्या सीसीपेक्षा स्वस्त. त्या बेचाळीस हजारांत मशिनवरच्या दोघांचे दोन महिन्यांचे पगार निघाले. दोघेही आजही कामावर आहेत. त्या महिन्यांत दुसरीकडून एक पैसा येत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

यंदा, म्हणजे २०२१ च्या मे अखेरीस आणखी १० टक्के जाहीर झाले. मी लगेच शाखेत गेलो. हिशेब पुन्हा त्याच २९ फेब्रुवारीच्या बाकीवर, म्हणजे २१ हजार, आणि वर कर्जाची पुनर्रचना, म्हणजे फेडणं जड जातंय म्हणून मुदत-हप्ते बदलून घ्यायची अट. आजवर एक हप्ता चुकवला नाही, मग पुनर्रचनेचा शेरा खात्यावर कशाला ओढवून घेऊ? फॉर्म टेबलावर तसाच ठेवून आलो.