एसआरपीएफमध्ये (राज्य राखीव पोलीस दलात) नवीन लागलेल्यांसाठी: ड्युटीचं सामान कुठून घेतलं, कसं निघालं

ट्रेनिंग संपवून ग्रुपला (दलातल्या आपल्या गटाला) हजर झालो की पहिल्या पगाराच्या आधीच खर्चाची यादी हातात येते, आणि शिपायाचा मूळ पगार 21,700 पासून सुरू होतो, त्यात घरी पण पाठवायचे असतात, म्हणून भर्ती झालेल्या भावांसाठी हा रिव्ह्यू सविस्तर लिहितोय. मी सामान तीन ठिकाणांहून घेतलं, पुण्यात रामटेकडीच्या भागातलं एक पोलीस स्टोअर, मंगळवार पेठेतला जुना बाजार, आणि पोलीस कॅन्टीन. थोडंफार ऑनलाईन.

आधी एक सांगतो, स्टोअरमधून काय काय इश्यू होतंय ते सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) साहेबांना किंवा कंपनीतल्या जुन्या हवालदारांना विचारा आणि मगच पाकीट काढा. लाठी, ढाल, हेल्मेट, बॉडी प्रोटेक्टर हे सगळं सरकारी मिळतं, हत्यार कोतमधून (शस्त्रागारातून) मिळतं. तरीपण पोरं ऑनलाईन टॅक्टिकल जॅकेट बघून हजार दोन हजार घालवतात. ते जॅकेट म्हणजे नुसतं नायलॉन आणि खिसे, त्यात संरक्षण काहीच नाही. बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आपल्याकडे 2018 पासून आयएस 17051 हे वेगळं मानक आहे, तसलं जॅकेट पंधराशे रुपयात कुरिअरने येत नसतं. आणि टर्नआऊटला (वर्दीच्या तपासणीला) ते घालू पण देणार नाहीत.

आता बूट. माझं स्पष्ट मत आहे की पैसे घालायचे तर पायात घाला. आपली कंपनी आज पुण्यात, उद्या पंढरपूरला वारीच्या बंदोबस्ताला, मग गणपतीत मुंबई, मग कुठं इलेक्शन, आणि पॉइंटवर दहा बारा तास उभं राहायचं म्हणजे बूट चांगला नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी लंगडतो. भर्तीच्या 5 किलोमीटरसाठी घेतलेले रनिंग शूज इथे कामाचे नाहीत, ते सकाळच्या पीटीला ठेवा.

मी रामटेकडीच्या दुकानातून डीएमएस बूट घेतला, 1400 ला पडला. डीएमएस म्हणजे सोल चामड्यावर थेट मोल्ड करून बसवलेला असतो, शिलाई नाही आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेला पण नाही, म्हणून पाण्यात सोल सुटत नाही. त्याच दुकानात 700 चा पण बूट होता, दिसायला सेम टू सेम, पण काकांनी स्वतःच उलटा करून दाखवला, कडेने गोंदाची रेघ दिसत होती, म्हणाले हा सिक्युरिटीवाले नेतात, तुम्ही नेऊ नका, एका पावसात जाईल. महाग माल खपवायला बोलतायत असं पण वाटू शकतं, पण रेघ डोळ्यासमोर होती. डीएमएसचा तोटा म्हणजे वजन, आणि सोल झिजला की मोची बदलून देऊ शकत नाही, नवीनच घ्यावा लागतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो तेव्हाच खरं माप कळतं, आणि जाड मोजे घालून बघा, पुढे अंगठ्याला जागा पाहिजे. नवा बूट थेट बंदोबस्ताला नेऊ नका, आधी आठ दिवस बराकीत आणि मेसला जाताना घालून मऊ करा.

मोजे मात्र दुकानातले घेऊ नका, पातळ नायलॉनचे असतात, पाय घामाने भिजून फोड येतात. जाड कॉटन मिक्स किंवा ट्रेकिंगचे मोजे घ्या, महाग वाटतील पण तीन जोड तरी ठेवा, एक अंगावर, एक वाळत, एक बॅगेत कोरडा.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. किट बॅग, ग्राउंडशीट, पाण्याची बाटली, मच्छरदाणी असलं मिलिटरी छाप सामान तिथे स्वस्तात मिळतं आणि घासाघीस पण चालते, मला किट बॅग सांगितलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्यात मिळाली, चेन आणि पट्ट्यांची शिलाई ओढून बघूनच घेतली. पण तिथून बूट घेऊ नका. पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा बूट नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत दमट हवेने आतून सडतो, वरून पॉलिश मारून चकाचक दिसतो आणि घालून चाललं की सोलचा भुगा पडतो. कुठेही बूट घेताना बनवल्याची तारीख बघायची सवय लावा.

रेनकोटचा विषय गणपती बंदोबस्तवाल्यांना कळेल. साध्या पीव्हीसी रेनकोटमध्ये बाहेरून पाऊस येत नाही पण आतून घामाने माणूस ओला होतो. मी आतून शिलाईवर टेप मारलेला टू पीस घेतला, ऑनलाईन साधारण 1200 ला, रंग आधी सीएचएमना विचारून. त्याशिवाय एक पोंचो, जो सॅकसकट अंगावर येतो आणि शाळेच्या फरशीवर झोपायची वेळ आली की गादीखाली पसरता येतो, हा माझा सगळ्यात वसूल झालेला खर्च.

बेल्ट, व्हिसल, लॅनयार्ड (शिट्टीची दोरी), टायटल (खांद्यावर लावायची दलाची अक्षरं), नेमप्लेट हे सगळं रामटेकडीच्या दुकानातच घ्या, त्यांना कुठल्या ग्रुपला काय लागतं ते तोंडपाठ आहे. टायटल पितळी घ्या, ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) मारावं लागतं पण वर्षानुवर्षं टिकतात, वरून मुलामा दिलेली चमकदार घेतली तर वरचा थर उडाल्यावर काळपट दिसतात. एक गोष्ट मला फार आवडली, काकांनी आयकार्ड बघितल्याशिवाय टायटल काढलेच नाहीत. माझ्यासोबतचा पोरगा चिडला, म्हणे केसांचं कटिंग बघून आम्ही पोलीस आहोत ते कळत नाही का, पण काकांचं बरोबर आहे. वर्दी घालून लोकांना फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 खाली गुन्हा आहे, आणि ज्या वर्दीसाठी आपण ग्राउंडवर इतका घाम गाळला ती कुणाही भामट्याला काउंटरवर मिळता कामा नये. सगळ्या दुकानदारांनी असंच करावं.

कॅन्टीनमधून बूट पॉलिश, साबण, पॉवर बँक, टॉर्च, बनियन घ्या, बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त स्टॉक कधी काय असेल त्याचा नेम नाही. टॉर्च घेताना मोबाईलच्या चार्जरवर चालणारी घ्या, बंदोबस्तात सेल शोधत कुठं फिरणार.

पत्र्याची पेटी गावाकडून बनवून आणली तर दुकानापेक्षा स्वस्त आणि पत्रा पण जाड मिळतो. माप आधी घ्या, कॉटखाली गेली पाहिजे, आणि नाव व बक्कल नंबर पांढऱ्या रंगात मोठा टाका, शंभर सारख्या पेट्या गाडीतून उतरतात.

शेवटी कापड आणि शिलाई. खाकी टेरिकॉट घेताना दोन्ही जोड एकाच ताग्यातून कापून घ्या, तागा बदलला की शेड बदलते आणि शर्ट पँट वेगळी दिसते. दुकानाच्या शेजारीच टेलर आहेत, फिटिंग मस्त देतात, पण पँट मांडीत थोडी सैल सांगा, गाडीत चढताना आणि धावताना फाटायला नको. 26 जानेवारीच्या आणि गणपतीच्या आधी त्यांच्याकडे एवढी गर्दी असते की पंधरा दिवस नंबर लागत नाही, तर माप आत्ताच देऊन या, युपीआय चालतं, आणि अर्धे पैसे ट्रायल झाल्यावरच द्या.