बडोद्यात रीफ टँक लावताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

बडोद्यात पहिल्यांदाच समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रीफ टँक, लावायच्या विचारात कोणी असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे ६४,००० रुपये गेले. त्यात भर म्हणजे, आम्हाला तक्रारच करता येऊ नये अशी सोय विक्रेत्याने विकलेल्या मालातच करून ठेवली होती.

इथे गोड्या पाण्याच्या माशांची दुकानं भरपूर आहेत, पण समुद्री टाकीचं सामान मागितलं की दुकानदार मान हलवतो आणि कुणाचा तरी मोबाइल नंबर देतो. आम्हाला असाच एक नंबर मिळाला. माणूस घरी आला, चपला बाहेर काढल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ताई, मीपण दांडिया बझारचाच." आता बडोद्यात धंद्यात मराठी बोलणारा भेटला की आपण तिथेच निम्मे विरघळतो. आईंनी चहा टाकला. मुलगा नववीत, त्याला क्लाउनफिश, म्हणजे ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे समुद्री मासे, हवे होते. पंधरा दिवसांत रीफ उभं करून देतो, असं सांगून त्याने दोन फुटी, साधारण १२० लिटरच्या टाकीचा हिशेब कागदावर मांडला आणि निम्मे पैसे आधी घेतले.

पहिली गडबड माशांची. नव्या टाकीत मासा सोडला की त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू टाकीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच हौशी लोक ‘सायकल’ म्हणतात. ह्या गृहस्थाने बिनलेबलची एक बाटली ओतली, "सायकल झाली" म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी दोन क्लाउनफिश आणि एक ब्लू टँग घेऊन हजर. ब्लू टँग पूर्ण वाढला की फूटभर लांब होतो, त्याला दोन फुटी टाकीत ठेवणं म्हणजे निव्वळ छळ. आठवड्याच्या आत तिन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत गेले. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: रोग आलाय, औषध घ्या. औषध तांब्याचं. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि तिथे पुढे शंख, कोळंबी, कोरल काहीच टिकत नाही. ती बाटली मी उघडलीच नाही.

आता मिठाचं. मी बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून प्रमाण मोजणं, हे माझं रोजचं काम. आमचा विक्रेता ‘जर्मन रीफ सॉल्ट’ म्हणून पांढरी बादली देऊन गेला होता. बॅच नंबर नाही, तारीख नाही, झाकणावर नुसतं स्टिकर. "मोठ्या बॅगेतून सुटं करून देतो, तुम्हाला स्वस्त पडतं," असं त्याचं म्हणणं. ते मीठ आरओच्या पाण्यात कालवलं, घनता मोजायचा हायड्रोमीटर घातला, घनता १.०२५. समुद्राचं पाणी असंच असतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. पण घनता कुठल्याही मिठाने येते. कोरलला लागतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि मॅग्नेशियम त्याच्या तिपटीच्या आसपास.

मासे मेल्यावर मी ऑनलाइन कॅल्शियमची टेस्ट किट मागवली. काचेच्या नळीत थोडं पाणी, त्यात पावडर, हलवलं की गुलाबी रंग. मग सिरिंजने थेंब थेंब सोडत जायचं, गुलाबीचा निळा होईपर्यंत. मीठ नीट असेल तर बरीच सिरिंज रिकामी होते. इथे दोन-चार थेंब पडले आणि पाणी निळंशार. आकडा शंभरच्याही खाली. किटच खराब असेल म्हणून कामावरून माहीत असलेल्या तीव्रतेचं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण आणलं आणि त्यावर तीच टेस्ट लावली. आकडा बरोबर आला. मॅग्नेशियमचीही तीच गत.

म्हणजे बादलीत होतं ते आपलं गुजरातचं साधं मीठ. ‘पण मीठही समुद्राचंच ना?’ असं वाटेल, आमच्या ह्यांनाही वाटलं. मिठागरात पाणी आटत जातं तसं आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे बरंचसं कॅल्शियम तिथेच गेलं. मग मीठ पडतं. मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी वेगळं काढून टाकतात. जेवणासाठी हे उत्तमच, पण त्यात कोरल वाढणार नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, मीठ मुरायला वेळ लागतो." लोणचं आहे का ते?

चिलरचं थोडक्यात: बडोद्याच्या मे महिन्यात चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, लागतोच, कारण कोरलला पाणी २५-२६ अंशांच्या आसपास हवं. त्याने ‘नवा’ म्हणून दिलेल्या चिलरच्या जाळीत आधीच्या मालकाच्या घरची धूळ आणि मांजराचे केस होते.

आणि मग ते दगड. रीफ टँकमध्ये ‘लाइव्ह रॉक’ नावाचे सच्छिद्र दगड रचतात. जिवाणू त्यातच घर करतात आणि कालांतराने त्यावर जांभळट रंगाचं कोरलाइन शेवाळ चढतं. आमचे दगड आले तेच जांभळे, एकदम देखणे. पाणी बदलताना एक दगड उलटा केला तर खालची बाजूही तितकीच जांभळी. कोरलाइन हे चुन्याचं कडक कवच असतं, उजेडात धब्ब्याधब्ब्यांनी वाढतं, नखाने निघत नाही. मी कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासलं. कापूस जांभळा, दगड पांढरा. हातोडीने एक कोपरा फोडला, तर आतून दगड नव्हताच. बारीक, चांदणीच्या आकाराचे खळगे एकमेकांना लागून, ओळीने. ते मेलेल्या कोरलचे सांगाडे होते, रंग मारून विकलेले.

इथे आमच्या पायाखालची वाळू सरकली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या परिशिष्टात सगळे हार्ड कोरल, म्हणजे दगडी सांगाड्याचे कोरल, आहेत. सी फॅन, काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल हेही त्यातच. म्हणजे संरक्षण वाघाच्या तोडीचं. विकणं तर गुन्हा आहेच, घरात ठेवणंही गुन्हाच, शिक्षा तीन ते सात वर्षं. कच्छच्या आखातात जामनगरच्या बाजूला कोरल आहे, त्यासाठीच १९८२ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. आमचे सांगाडे तिथलेच होते का हे मी सांगू शकत नाही, पण "ओख्याच्या बाजूचा माल आहे" (ओखा त्याच आखाताच्या तोंडाशी आहे) हे त्यानेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. शिवाय त्याने टाकीत एक ‘सॉफ्ट कोरल’ लावून दिलं होतं, लुसलुशीत हिरव्या टोकांचं, हॅमर नावाचं. दिसायला मऊ, पण खाली दगडी सांगाडा, म्हणजे तेही हार्ड कोरलच आणि त्याच यादीतलं.

मी फोनवर म्हटलं, पैसे परत कर, नाहीतर तक्रार करते. त्याचा आवाज जराही चढला नाही. "करा की ताई. दगड कुणाच्या घरात आहेत?"

ही त्याची खरी धंद्याची रीत. बेकायदा माल मुद्दाम मालात मिसळायचा, म्हणजे नकली मीठ आणि जुना चिलर यांबद्दलही गिऱ्हाईक गप्प बसतं. बहुतेक जण बसत असणार. आम्ही ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कायद्यात असा माल हाती आल्यापासून ४८ तासांत कळवायची तरतूद आहे; तुम्हाला आता समजलंय, तर एक दिवसही दवडू नका. व्हॉट्सअॅपवरचं त्याचं बोलणं तारखांसह छापून घेतलं. त्यात ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक, सगळे कागद आहेत’ हे त्याचंच वाक्य होतं. वनखात्याच्या कार्यालयात लेखी कळवून दगड आणि हॅमर जमा केलं, पंचनाम्याची प्रत घेतली. साहेबांनी आम्हालाच बरेच उलटसुलट प्रश्न विचारले, ते बरोबरच होतं. पण आम्ही स्वतःहून गेलो होतो आणि त्याचा फरक पडला. हे माझ्या वाटणीचं सांगते. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर दगड कचऱ्यात फेकण्याआधी वकिलांशी बोला.

पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. त्याने दिलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तो सुरतेच्या एका साडीवाल्याचा निघाला. हे दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा. यूपीआयवर नाव वेगळंच दिसलं तर तिथेच थांबा. मिठाची बादली सीलबंद नसेल तर घेऊ नका, आणि विक्रेता ‘सुटं देतो’ म्हणाला तर टेस्ट किट घेऊन जा, त्याच्यासमोर कालवा, त्याच्यासमोर थेंब मोजा. दगड कृत्रिम, सिरॅमिकचे घ्या. रंगीत नसतात, जिवाणू मात्र तेवढेच धरतात. क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवलीय. तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरजच नाही. आणि ‘इम्पोर्टेड आहे ताई’ या तोंडी शब्दावर हार्ड कोरल कधीही घरात आणू नका.

आयोगाची नोटीस त्याच्या पत्त्यावरून परत आली, ‘या नावाचे कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन. माणूस मात्र धंद्यात आहे. परवा मुलाने फोनवर एक जाहिरात दाखवली: नाव नवं, नंबर नवा, ‘वडोदरा, आणंद, भरूच, घरपोच रीफ सेटअप’. खाली ‘आमचं काम’ म्हणून फोटो आहे, जांभळ्या दगडांच्या टाकीचा. टाकीच्या काचेत आमच्या आईंचं प्रतिबिंब दिसतंय, चहाचा ट्रे घेऊन येताना. तो फोटो आता तक्रारीला जोडलाय.