टाइमशीटमधलं एक टिंब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, माझी तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे. प्रोजेक्ट, बिलिंग, हजेरी, टाइमशीट (कुठल्या कामाला किती तास दिले याची रोजची नोंद) एकत्र देणारी जी पॅकेजेस मिळतात त्यातलंच एक. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं ऑफिस, माणसं ११. माणशी महिना ४५० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा ५,८४१ रुपये. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे थेट दुखण्यावर येतो.

जूनअखेर दिसलं की एका मुलीचे तास रोज कमी भरतायत. हजेरीत साडेनऊ ते साडेसहा, टाइमशीटवर जेमतेम सात. मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीचा वेळ जातो कुठे?" ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी डायरी आणून माझ्या टेबलावर ठेवली. पेन्सिलीने लिहिलं होतं: २.३०, १.४५, ३.३०. झाले पावणेआठ तास. सॉफ्टवेअरने तेच आकडे मिळवून ७.०५ दाखवलं होतं, म्हणजे सात तास तीन मिनिटं. एका दिवसात ४२ मिनिटं गायब!

कारण टाइमशीटमधला तासांचा रकाना दशांशात चालतो. १.३० टाकलं की दीड तास नाही, एक तास १८ मिनिटं धरतो. आपण तर जन्मभर वेळ टिंबानेच लिहितो. लग्नपत्रिकेत मुहूर्त १२.३५, नाटकाच्या जाहिरातीत दु. ४.३०. कोलन घालून १:३० लिहिलं तर बरोबर घेतं, पण मोबाईलवर तिथे आकड्यांचा कीपॅड उघडतो आणि त्यात टिंब आहे, कोलन नाही. आमची निम्मी माणसं साईटवरून मोबाईलवरच भरतात.

एका पार्टीला आम्ही ताशी ९०० ने बिल लावतो. फक्त त्या प्रोजेक्टच्या एप्रिल ते जूनच्या नोंदी एक्सेलमध्ये काढल्या. .३० च्या ११८, .४५ च्या ६०, .१५ च्या ४०. पहिल्यात दर नोंदीमागे १२ मिनिटं जातात, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ६. एकूण ४५ तास ३६ मिनिटं, म्हणजे ४१,०४० रुपये. बिलं जाऊन पैसेही आले होते. डेबिट नोट (बिलात कमी लागलेली रक्कम नंतर मागायचा कागद) काढता येते, पण कुठल्या तोंडाने मागणार? त्या मुलीची मात्र सगळ्यांसमोरच माफी मागितली.

सपोर्टला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "सिस्टीम बरोबर चालत आहे." रकान्याखाली 'दीड तास = १.५' एवढी एक ओळ टाकायला काय जातं? जुलैत बंदच करणार होतो.

बंद करण्याआधी सगळा डेटा उतरवून घेताना घोडबंदर रोडच्या एका कामाचा रिपोर्ट उघडला, आणि मत बदललं. ठरलेल्या फीचं काम. १९० तासांतले ६२ आर्किटेक्टने वारंवार सुचवलेल्या बदलांत गेले, २१ नुसते कासारवडवलीला साईटवर जाण्यायेण्यात. एवढी वर्षं मी अंदाजाने कोटेशन देत होतो. आता लिहूनच देतो: दोन सुधारणा फीमध्ये, तिसरीपासून ताशी. दोन पार्ट्यांनी काही न बोलता मान्य केलं. हे मला वहीत कधीच दिसलं नसतं.

तास आपोआप मोजणारा टायमरही यात आहे, त्याच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळी बंद करायचा राहिला की सकाळी १४ तास.

टिंबावर उपाय आमचा आम्हीच काढला. प्रत्येक मॉनिटरला कागद चिकटवलाय: पाव ०.२५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५. वेळ आधी तोंडाने म्हणायची, मग टाकायची. दीड म्हटलं की हात आपोआप १.५ लिहितो. तरी दर शनिवारी .३, .४५ आणि .१५ च्या नोंदी मी स्वतः चाळतो. अजून दोन-तीन सापडतातच, बहुतेक साईटवरच्या.

गेल्या आठवड्यात वर्षाचे पैसे एकदम भरा, दोन महिने फुकट, असा फोन आला. तीनच महिन्यांचे भरले. मोबाईलच्या कीपॅडवर कोलन आला की वर्षाचे भरेन, असं त्यांना लेखी कळवलंय.